सड्यावरचं डबकं, चोवीस तास

जून २०२३ मध्ये जवळजवळ दोन आठवडे मी इंटरनेटवर थेट प्रक्षेपणातून लोकांना आमच्या सड्यावरचा, म्हणजे जांभा दगडाच्या सपाट पठारावरचा, कोरडा कातळ दाखवत होतो. ११ तारखेला मोसमी पाऊस रत्नागिरीपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं आणि तो तिथेच अडला. अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ घोंगावत होतं, बाष्प सगळं तिकडे ओढलं जात होतं. मुंबईला पाऊस पोचला तो २५ तारखेला. तेवढे दिवस माझ्या कॅमेऱ्यासमोर काळा जांभा, त्यातला एक सुकलेला खळगा, कडेचं करपलेलं गवत आणि दुपारी थरथरणारी हवा, एवढंच. तरी रात्री अकरा वाजता सात-आठ माणसं ते बघत बसलेली असायची. ती काय बघत होती हे तेव्हा मला कळत नव्हतं.

मी मूळचा राजापूर तालुक्यातला. वीसेक वर्षं मुंबईत सीसीटीव्ही बसवायचं काम केलं. सोसायट्यांची गेटं, सोनारांची दुकानं, गोदामं, जिन्याखालचे मीटर. कॅमेरा लावला की गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला: चेहरा स्पष्ट येतो ना? सगळा कोन, सगळी उंची त्या चेहऱ्यासाठी. २०२० च्या टाळेबंदीत गावी आलो आणि परत गेलो नाही. काजूची बाग होती, आसपासच्या गावांत थोडी वायरिंगची कामं मिळत होती, भागत होतं.

थेट प्रक्षेपणाचं डोक्यात आलं ते एका माशामुळे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात कालव्यावर एक जुना जलदरवाजा आहे. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या पाण्याकडे निघतात, आणि नेमका त्याच काळात बोटींची ये-जा कमी असल्याने दरवाजा फारसा उघडत नाही. २०२१ मध्ये तिथे पाण्याखाली कॅमेरा बसवला. घरबसल्या बघणाऱ्याला मासा दिसला की त्याने पडद्यावरची घंटा दाबायची, म्हणजे दरवाजा सांभाळणाऱ्याला कळतं की मासे खोळंबलेत. पुतण्याने मला ते दाखवलं. बहुतेक वेळ नुसतं हिरवट गढूळ पाणी. मी दीड तास ते पाणी बघत बसलो. मग एक मासा आला, संथपणे तोंड फिरवून उभा राहिला, आणि मी घंटा दाबली. त्या दीड तासात कुणी माझ्याशी बोललं नव्हतं, कुणी हसवलं नव्हतं, कुणी चॅनलला जोडून घ्या म्हणालं नव्हतं. तरी मला उठावंसं वाटलं नव्हतं. झोपताना मनात आलं, आपल्याकडे सडा आहे की.

सडा ज्यांनी फक्त उन्हाळ्यात बघितलाय त्यांना मी काय म्हणतोय ते पटणार नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक. मे महिन्यात अनवाणी पाय टेकवत नाही असा तापलेला कातळ, मैलभर सपाट. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस याच्यावर पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका एकरावर रात्रीत शंभर मिलिमीटर पडला तर चार लाख लिटर झाले. त्यातलं बरंचसं पऱ्यांनी, म्हणजे पावसाळी ओढ्यांनी, वाहून जातं, काही खळग्यांत साठतं, आणि काही जांभ्याच्या भोकांतून, भेगांतून खाली मुरतं. जांभ्याखाली शेडी लागते. विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा, ती पांढरट-गुलाबी, हाताला साबणासारखी लागणारी माती. तिथे पाणी अडतं आणि आडवं सरकत सड्याच्या पायथ्याला झऱ्यांतून, विहिरींतून बाहेर येतं. आमच्या वाडीची विहीर अशीच आहे. हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. ऐकणं वेगळं. मला ते घडताना दिसायला हवं होतं.

कामाला लागल्यावर आधी हिशेब मांडला. सेकंदाला दीड मेगाबिटने चोवीस तास चित्र पाठवायचं तर दिवसाला सोळा जीबी डेटा जातो. मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीत ते बसणं शक्यच नव्हतं. घरी फायबर आला होता, पण सडा घरापासून आठशे मीटर वर. नेटवर्कच्या केबलला शंभर मीटरची मर्यादा. म्हणून वर काजूच्या बागेतल्या पंपघरावर एक रेडिओ, म्हणजे बिनतारी डेटा पाठवणारं यंत्र, आणि घराच्या कौलांवर दुसरा, एकमेकांकडे तोंड करून. मधल्या एका आईनाच्या फांदीसाठी शेजाऱ्याची परवानगी काढली.

विजेत पहिली चूक केली. सोलर पॅनल आणि शंभर अँपिअर-तासांची बॅटरी लावली. कॅमेरा, रेडिओ आणि छोटा संगणक मिळून सतरा-अठरा वॅट, म्हणजे दिवसाला चारशे वॅट-तास. बॅटरीचं अर्धं धरलं तर दीड दिवस निघतो. मेमध्ये झकास चाललं. पावसाळ्यात सड्यावर सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही, हे मला, इथे जन्मलेल्याला, कागदावर आकडे मांडताना आठवलं नाही याचं आजही वाईट वाटतं. पुढे पंपघराच्या जोडणीवरून वीज घेतली आणि बॅटरी फक्त लाइट गेल्यावर वापरायला ठेवली.

कॅमेरा बुलेट, म्हणजे नळीसारखा लांबट, घेतला. डोमच्या, म्हणजे घुमटासारख्या कॅमेऱ्याच्या, काचेवर थेंब बसले की रात्री सगळं चित्र पांढरं होतं. चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा तिरका कापून पुढे टोपीसारखा बसवला, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, केबलच्या भोकांना मेण लावलं, मुंग्या तरी आल्याच. आणि कोळी. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, तो काचेसमोरच जाळं विणतो आणि रात्रभर पडद्यावर एक जाडजूड चमकणारी दोरी हलत राहते. मुंबईत गिऱ्हाईकं याचसाठी फोन करायची आणि आम्ही फडकं मारून यायचो. इथे मी ते दिवे बंद केले आणि वेगळा दिवा तीन-चार मीटर बाजूला खांबावर लावला. तोही ९४० नॅनोमीटरचा, कारण ८५० चा दिवा अंधारात मंद लाल दिसतो आणि मला तिथे कुणाच्या डोळ्याला काही दिसायला नको होतं. कोळी दिव्याकडे गेला. तिथे तो अजून आहे.

सुरुवातीला मी बोलत होतो. पुतण्या म्हणाला, "काका, तुमचा चेहरा दिसू दे, नाहीतर कोण थांबणार?" त्याचं चुकलं नव्हतं, तो जे बघतो त्यात तसंच असतं. तीन संध्याकाळ मी खळग्याशेजारी उभं राहून सडा समजावून सांगितला. माणसंही जास्त आली. पण विचारायला लागली ती मला. गाव कुठलं, आडनाव काय, मुंबई का सोडली, मागे दिसतं ते घर तुमचं का. तीन दिवसांत खळग्याबद्दल एक प्रश्न नाही. चौथ्या दिवशी मी चौकटीच्या बाहेर आलो आणि आवाजही बंद ठेवला. फक्त कोपऱ्यात वेळ आणि आदल्या दिवशीचा पाऊस. पाऊस मी हवामान खात्याच्या रीतीने सकाळी साडेआठला मोजतो. माणसं निम्म्याहून कमी झाली. पण जी उरली त्यांनी लिहायला सुरुवात केली: डाव्या कडेचं गवत काल एवढं वाकलेलं नव्हतं ना? दगडाची सावली सव्वापाचला त्या भेगेला लागते, बघा. मला तेव्हा खूप बरं वाटलं. ज्या भेगेवरून मी हजारदा चाललो होतो ती मला पहिल्यांदा दिसली.

दुसरा कॅमेरा विहिरीवर लावायचा होता, म्हणजे वर पाऊस आणि खाली विहीर शेजारी शेजारी दिसतील. काठावर खांब उभा करायला गेलो तर आत्या आली. ती सत्तरीतली आहे, पण अजून रोज दोन कळशा भरते.

"हे कशाला?"

"पाणी बघायला, आत्या. किती चढतं, किती उतरतं."

"बायका पाण्याला येतात तिथे. धुणं धुतात, बोलत बसतात. दुकानाला लावत होतास तसला डोळा आमच्यावर नको हो."

मी तिथेच खांब आडवा केला. पुढच्या ग्रामसभेत विषय मांडला आणि बायकांनी जे सांगितलं तसंच केलं. कॅमेरा कठड्याच्या आत, खाली तोंड करून, माइक काढून टाकलेला. समोर फक्त चिऱ्याची भिंत आणि तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणांची ॲल्युमिनियमची पट्टी. कुणी वाकून बघितलं तरी पाण्यात फक्त सावली पडते, चेहरा येत नाही. आत्याने स्वतः वाकून, मला घरी फोनवर बघायला पाठवून, खात्री करून घेतली. ते चित्र मला सगळ्यात आवडतं. काळं पाणी, पट्टी, आणि कळशी बुडाली की उठणारी वर्तुळं.

ठिकाणही सांगायचं नाही असं तेव्हाच ठरवलं. पहिल्या पावसात अंडी घालायला गोळा झालेल्या बेडकांवर रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं निघतात, गोव्यात हे सर्वांना माहीत आहे, आणि आमच्याकडून गोवा काही लांब नाही. कायद्याने गुन्हा असला तरी सड्यावर रात्री पहारा कोण देणार? क्षितिजावरचा एक मोबाईल टॉवर ओळखता येत होता, तो टाळायला मी चौकट दोन हात खाली घेतली.

मग पाऊस आला. २४ जूनच्या रात्री की २५ च्या पहाटे, नोंद बघावी लागेल, पण मी पंपघरात छत्री घेऊन बसलो होतो आणि हातातल्या फोनवर बघत होतो, पन्नास पावलांवर खरा सडा असताना. आधी वारा. मग चौकटीत वरून खाली पांढऱ्या रेघा. पाच मिनिटांत खळग्याचा तळ चकाकला. पहाटे उजाडल्यावर काळं-पांढरं चित्र रंगीत झालं आणि डबक्याच्या कडेला पिवळेधमक बेडूक दिसले, हळदीत बुडवून काढल्यासारखे, गालांजवळ निळ्या पिशव्या फुगवत. वर्षभर मातकट हिरवा असलेला हा बैल बेडूक विणीच्या त्या दिवसांतच असा दिसतो. आवाज मी सुरू केला होता. त्या आवाजात पलीकडच्या खाणीतलं चिरे कापायचं यंत्रही येतं. पुष्कळांनी ते बंद करता येईल का विचारलं. मी नाही केलं, कारण ते तिथे आहे.

दीपकाडीची पांढरी फुलं आली आणि गेलीही. पुढे सड्याने रंग बदलले तसे बघणारे वाढले. ऑगस्ट सरताना सीतेची आसवं, गेंद, मग कवल्याचा पिवळा. फुलांचे फोटो लोकांनी खूप बघितलेले असतात. पण सीतेची आसवं नेमकी पाण्याची पातळ चादर जिथून सरकत जाते तिथेच का, आणि चादर आटली की आठवड्यात ती का संपतात, हे एकाच चौकटीत दिवसेंदिवस बघितल्यावरच कळतं. त्या जांभ्यावर माती नावापुरती. खायला कमी मिळतं म्हणून हे झाड पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. एका बघणाऱ्याने फुलांच्या ओळीवरून पाण्याची वाट कागदावर काढली. मी कागद घेऊन पावसात सड्यावर गेलो, वाट तशीच होती.

कॅमेऱ्याला न दिसणारं एक मला सांगायचंय. जुलैत काच पुसायला गेलो तेव्हा डबक्याशी उकिडवा बसलो. नितळ पाण्यात, नखाएवढं, पारदर्शक काहीतरी पाठीवर पोहत होतं. पोट वर, आणि पायांच्या बारीक झालरीची लाट मागून पुढे जात होती. पुढे डोळ्यांचे दोन काळे ठिपके. त्याला फेअरी श्रिम्प म्हणतात हे नंतर कळलं. त्याची अंडी सुकलेल्या तळाच्या धुळीत महिनोन्‌महिने पडून राहतात आणि पाणी आलं की फुटतात. म्हणजे जूनमधले ते दोन आठवडे मी कोरडा कातळ दाखवत होतो तेव्हा हा जीव चौकटीत होताच. मी बराच वेळ तसाच बसलो होतो, पाय आखडेपर्यंत.

आता नोंदींच्या वहीबद्दल. बघणाऱ्यांत मूळची लांज्याकडची एक नर्स होती, मस्कतला रात्रपाळी करणारी. वॉर्ड शांत असला की दुसऱ्या खिडकीत आमचं डबकं उघडं ठेवायची. तिने पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवल्या होत्या: पाऊस, डबकं, विहीर. जुलैच्या मध्यावर तिने त्याचा तक्ता पाठवला. पहिले आठ-नऊ दिवस जवळजवळ चारशे मिलिमीटर पाऊस पडूनही विहीर हललेली नव्हती. वर पऱ्ये धो धो वाहत होते आणि खाली पट्टीवरचं पाणी तिथल्या तिथे. नवव्या-दहाव्या दिवशी ती दोन बोटं चढली. मग मात्र आज रात्री वर झोडपलं की उद्या संध्याकाळपर्यंत खाली वाढ दिसायची. आधी सडा स्वतः पितो, तो भरला की मग खाली देतो. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग, तेच तर. कातळ तहानलेला असतो." तिला ठाऊकच होतं. पण तक्ता तिने दोनदा वाचून घेतला आणि वाडीत नेऊन दाखवला.

ऑगस्टने दुसरी बाजू दाखवली. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ठरला तो ऑगस्ट. आमच्याकडेही डबकं रोज कडेने आत येत होतं. वाळलेल्या शेवाळाची कड दर दिवशी एक, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी. बेडकांची पिल्लं मधल्या वाडगाभर पाण्यात दाटली होती, शेपट्या गळायच्या बेतात. लोक डोळ्यांत तेल घालून बसले होते. "एक कळशी ओता की," असं रोज कुणीतरी लिहायचं. मी ओतली नाही. काही पिल्लं पाय फुटून निघाली, बरीचशी मेली, सकाळी कावळे आले. डबकं नवव्या दिवशी सुकलं. आणि त्याच नऊ दिवसांत विहीर फक्त वीतभर उतरली होती.

ऑक्टोबरमध्ये परतीच्या विजेने पंपघरावरचा रेडिओ जाळला. अर्थिंग नीट करून, सर्ज प्रोटेक्टर लावून पुढच्या वर्षी परत उभं केलं. २०२४ चं वर्ष सुरळीत गेलं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

२०२५ च्या एप्रिलअखेरीला टिटवीने डबक्याच्या खळग्यातच अंडी घातली. चार अंडी, खड्यांमध्ये खड्यांसारखीच. चौकटीच्या जवळजवळ मध्यभागी. मी कॅमेरा वळवायचा विचार केला, पण तिथे जाणंच तिला जास्त त्रासाचं झालं असतं. बघणारे एकदम वाढले आणि दोन दिवसांत त्या जोडीला नावं पडली. मला ते आवडलं नाही, तरी मी अडवलं नाही. दुपारी कातळ तापला की टिटवी पंपघराच्या गळक्या टाकीशी जायची, पोटाची पिसं भिजवायची आणि येऊन अंड्यांवर ओलं पोट टेकायची. ते बघताना मीही गुंतलो होतो, हे खरं आहे.

टिटवीने खोलात घातली तर पाऊस लांबणार, असं म्हातारी माणसं म्हणतात. त्या वर्षी तो २० मेच्या सुमाराला सुरू झाला आणि थांबलाच नाही. किनाऱ्याजवळ समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता, आणि मुंबईत मोसमी पाऊस २६ मेलाच दाखल झाला. खळग्यात पाणी चढायला लागलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. संदेशांची रीघ लागली. अंडी उचला. खाली चिरा सरकवा. तुम्ही इतके निर्दयी आहात का? एक आठ वर्षांची मुलगी रडत होती असं तिच्या आईने लिहिलं. मी पंपघराच्या दारात बॅटरी घेऊन उभा होतो. टिटवी उठत नव्हती. पाणी तिच्या पायांच्या वर आलं, मग पोटाला लागलं, तरी बसून होती. पहाटे कधीतरी उठली आणि टी-टी-टिव करत घिरट्या घालायला लागली.

मी गेलो नाही. खळगा भरणं हेच मी दोन वर्षं लोकांना दाखवत आलो होतो. अंड्यांसाठी तो उपसायचा तर पाण्याची वाट बघत तळाच्या धुळीत पडून असलेल्यांचं काय? तरी त्या रात्रीबद्दल मला आजही स्वस्थ वाटत नाही. त्या मुलीच्या आईला मी सविस्तर पत्र लिहिलं, मुलीला वाचून दाखवता येईल असं. उत्तर आलं नाही.

सकाळी पाऊस जरा उघडला. पाणी स्थिर झालं तेव्हा चारही अंडी तळाशी दिसत होती, जशी होती तशीच, टोकं आत करून. डाव्या कडेला रात्रीत बेडकांनी घातलेल्या अंड्यांची साय तरंगत होती. मस्कतहून आलेली नोंद मी नेहमीप्रमाणे चित्राखाली लावली: डबकं पूर्ण भरलं. टिटवीची अंडी ४, पाण्याखाली. बेडकांची अंडी, डावी कड, मोजता आली नाहीत. जोडी चौकटीबाहेर, आवाज येतोय. विहीर अजून तेवढीच.